साडेचार गिरक्या

भोर आणि वेल्हे हा सह्याद्रीच्या कुशीतील पाणीदार मुलूख. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्या याच डोंगरांतून खाली उतरतात. भाटघरच्या धरणामागे पसरलेला जलाशय तर मैल मैल दिसत राहतो. पावसाळ्यात तोरण्याच्या वाटेवरील शेवाळलेल्या कातळावर पाय कसा निसटतो, किंवा भातलावणीच्या दिवसांत रोपांची जुडी घेऊन खाचराच्या निसरड्या बांधावरून चालताना तोल कसा सांभाळावा लागतो, हे येथील मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. परंतु हे पाणी कधी गोठत नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी कडाक्याच्या थंडीत एखाद्या पहाटे गवतावरचे दहिवर गोठून पांढरे होते, एवढीच आपली नैसर्गिक बर्फाशी ओळख. तेव्हा तळेच्या तळे गोठून त्याचे काचेसारखे अंगण व्हावे आणि त्या अंगणावर माणसांनी पायांत पोलादी पाती बांधून धावावे, नाचावे व उड्या माराव्यात, ही हकीकत आपल्याला परीकथेसारखी वाटली तर नवल नाही.

घसरू नये म्हणून आपण जपतो. थंड देशांतील लोकांनी घसरण्याचीच कला बनविली. आरंभी ती कला नव्हती, गरज होती. हॉलंडमधील कालवे हिवाळ्यात गोठले म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यास पायांतील पाती हेच वाहन असे. पुढे या प्रवासातून खेळ निघाला. शर्यतीचा खेळ एक आणि बर्फावर पात्याने सुबक आकृत्या रेखण्याचा खेळ दुसरा. या दुसऱ्याला 'फिगर स्केटिंग' असे नाव पडले. 'फिगर' म्हणजे आकृती. कुशल खेळाडू एका पायावर तोलून बर्फावर आठाचा आकडा काढी, पुन्हा त्याच रेषेवरून फिरून तो गिरवी, आणि परीक्षक वाकून वाकून त्या रेषा तपाशीत. प्रेक्षकांना हा प्रकार कंटाळवाणा वाटे यात शंका नाही. १९९० सालानंतर मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून या आकृत्या काढून टाकण्यात आल्या. नाव तेवढे मागे राहिले. आज या खेळात उरल्या आहेत त्या उड्या, गिरक्या, पावलांचे नाजूक काम आणि संगीताशी मेळ. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला प्रथम स्थान मिळाले. हिवाळी ऑलिंपिक सामने सुरू होण्यास तेव्हा सोळा वर्षांचा अवकाश होता.

आता बर्फासाठी हिवाळ्याची वाट पाहावी लागत नाही. सुमारे साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद अशा बंदिस्त रिंगणाच्या तळाशी नळ्यांचे जाळे अंथरतात, त्यांतून अतिथंड केलेले खारे पाणी खेळवितात आणि वर साध्या पाण्याचा थर गोठवितात. खेळाडूच्या बुटाखालील पाते जेमतेम चार मिलिमीटर रुंद असते. त्याच्या तळाला लांबीभर पन्हळीसारखी खाच असते. त्यामुळे पात्याला एक नव्हे, दोन धारा मिळतात. एक आतल्या बाजूची व एक बाहेरच्या बाजूची. शरीराचा कल ज्या बाजूला, ती धार बर्फात रुतते व खेळाडू त्या बाजूला वळतो. पात्याच्या टोकाशी करवतीसारखे दाते असतात. काही उड्यांसाठी ते बर्फात रोवावे लागतात.

या उड्यांपैकी पुष्कळांना त्या प्रथम मारणाऱ्या माणसांची नावे मिळाली आहेत. स्वीडनच्या उलरिक साल्को याच्या नावाची एक उडी आहे, ऑस्ट्रियाच्या अलोइस लुट्झ याच्या नावाची दुसरी. परंतु सर्वांत अवघड मानली जाते ती नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसन याची उडी. त्याने ती १८८२ साली व्हिएन्ना येथे मारून दाखविली. इतर सर्व उड्या मारताना खेळाडूची पाठ पुढच्या दिशेला असते. अ‍ॅक्सेल उडीत मात्र तो समोर तोंड करून झेपावतो आणि उतरतो तो उलट्या तोंडाने. म्हणून एक गिरकीची अ‍ॅक्सेल वस्तुतः दीड गिरकीची, तीन गिरक्यांची साडेतीनची, आणि चार गिरक्यांची साडेचार गिरक्यांची होते. ही अर्धी गिरकी वाचताना क्षुल्लक वाटते. तथापि खेळाडू हवेत राहतो तो सेकंदाच्या सात दशांश भागाइतकाच, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची किंमत कळते.

इतक्या अल्प वेळात चार वेळा फिरणे साधते तरी कसे? फुगडी खेळताना हात लांब ताणून फिरणाऱ्या दोघी मुली हात आखडून एकमेकींच्या जवळ आल्या, की फेर एकाएकी वेगवान होतो. स्केटपटूही तेच करतो. तो हात पसरून झेप घेतो आणि हवेत जाताच हात छातीशी घट्ट ओढून व पायांची तिढी मारून स्वतःचा भोवरा करतो. फिरणाऱ्या वस्तूचे वजन मध्याजवळ एकवटले की तिचा वेग वाढतो, हा निसर्गनियम आहे. उतरताना हात उघडून हा वेग मोडावा लागतो आणि शरीराचा सारा भार, वजनाच्या कितीतरी पट झालेला, एका पायाच्या अरुंद पात्यावर पेलावा लागतो.

या अवघड खेळात एकविसाव्या शतकात ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले तो युझुरू हान्यू जपानमधील सेन्दाई या शहरचा. त्याचा जन्म ७ डिसेंबर १९९४ रोजी झाला. वडील शिक्षक, घरची राहणी साधी. दोन वर्षांचा असतानाच त्याला दम्याचा विकार असल्याचे निदान झाले. थोरली बहीण स्केटिंग शिकावयास जाई. तिच्या पाठोपाठ चौथ्या वर्षी तोही बर्फावर उतरला. बंद रिंगणातील हवेत धुळीचा त्रास कमी, म्हणून दमेकरी मुलाला हा खेळ मानवेल असा आईबापांचा विचार होता. श्वास अपुरा पडणारा मुलगा दमछाक करणाऱ्या खेळात जगज्जेता व्हावा, असा विचार अर्थातच कोणी केला नव्हता.

तो दहा वर्षांचा होत असता एक अडचण उभी राहिली. खर्च परवडेना म्हणून सेन्दाईचे रिंगण डिसेंबर २००४ मध्ये बंद झाले. पोहणाऱ्याचे तळे आटावे तसाच हा प्रकार. मुलगा अन्य ठिकाणी मिळेल तेवढा वेळ सराव करू लागला. योगायोग असा, की याच सेन्दाईत शिकलेली शिझुका अराकावा ही खेळाडू २००६ साली इटलीतील तुरिन येथे ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकून आली. आपल्या गावचे रिंगण पुन्हा चालू व्हावे म्हणून तिने आपला शब्द खर्ची घातला आणि २००७ साली त्याची दारे उघडली. एका खेळाडूच्या पदकाचा उपयोग पुढच्या खेळाडूला कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. युझुरूने ते बालपणीच पाहिले. पुढे नानामी आबे या शिक्षिकेच्या हाताखाली त्याची झपाट्याने प्रगती झाली. २०१० साली तो कुमारांचा जगज्जेता ठरला. २०११ च्या फेब्रुवारीत तैपेई येथील प्रौढांच्या स्पर्धेत त्याने दुसरा क्रमांक पटकाविला. त्या वेळी तो सोळा वर्षांचा होता.

त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच ११ मार्च २०११ हा दिवस उजाडला.

भूकंप म्हणजे काय हे महाराष्ट्राला अपरिचित नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात धरणी हादरली आणि तिचे धक्के पुण्यामुंबईपर्यंत जाणवले. जपानचा हा भूकंप त्याहून शेकडो पटींनी प्रबळ होता; त्याची तीव्रता ९ होती आणि सेन्दाई हे त्याच्या केंद्राला जवळच्या मोठ्या शहरांपैकी एक. दुपारचे २ वाजून ४६ मिनिटे झाली होती. युझुरू रिंगणात सराव करीत होता. पायांखालचा बर्फ हलू लागला, भिंती डोलू लागल्या. बूट सोडावयास उसंत नव्हती. पायांत पाती तशीच असता तो हातागुडघ्यांवर रांगत बाहेर पडला. स्केटपटू आपल्या पात्यांना किती जपतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच उघड्या पात्यांनी कठीण जमिनीवरून धावण्याचा अर्थ कळेल. पाती खराब झाली, पण जीव वाचला. किनाऱ्यावरील लोकांच्या नशिबी तेही नव्हते. समुद्र खवळून आत घुसला आणि गावेच्या गावे धुऊन गेली. त्या उत्पातात अठरा हजारांहून अधिक माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली.

हान्यू कुटुंबाने पुढचे काही दिवस निर्वासितांसाठी उघडलेल्या एका व्यायामशाळेच्या जमिनीवर काढले. शहराची वीज गेली होती. त्या रात्री साऱ्या सेन्दाईत एक दिवा नव्हता आणि त्यामुळेच आकाशातील तारे कधी नव्हेत इतके तेजस्वी दिसत होते. या ताऱ्यांची आठवण युझुरूने पुढे अनेकदा सांगितली आहे. खाली एवढा अनर्थ आणि वर एवढी शोभा!

रिंगण मोडले होते. तळातील नळ्या फुटल्या, बर्फ वितळले. पण खरा प्रश्न त्याहून मोठा होता. शेजारीपाजारी माणसे आपली माणसे शोधीत आहेत, अन्नपाण्यासाठी रांगा लागल्या आहेत, आणि अशा वेळी आपण चमकते कपडे घालून बर्फावर नाचावयाचे काय? खेळ सोडून द्यावा असे त्याच्या मनात आले. सोळा वर्षांच्या मुलाच्या मनाची ही ओढाताण सहज समजण्याजोगी आहे. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. धान्याचे पोते ज्याचा उपयोग करते, त्याचा उपयोग गिरकी करू शकत नाही, हे उघड आहे.

एप्रिल महिन्यात कोबे शहरी आपद्ग्रस्तांच्या साहाय्यार्थ बर्फावरील खेळांचा एक कार्यक्रम झाला. कोबेनेही १९९५ साली असाच दारुण भूकंप सोसला होता व ते शहर राखेतून पुन्हा उभे राहिले होते. तेथे युझुरू हंसाच्या नृत्यावर बेतलेला आपला खेळ घेऊन उतरला. त्यानंतरचे काही महिने त्याने मोठ्या विलक्षण रीतीने काढले. स्वतःचे रिंगण नाही, म्हणून तो गावोगावच्या अशा कार्यक्रमांतून भाग घेऊ लागला. कार्यक्रमाआधी बर्फ मोकळा मिळे, त्यावर तो सराव उरकून घेई. असे साठांच्या आसपास प्रयोग त्याने त्या मोसमात केले. तमाशातील फडाने गावोगाव हिंडावे तसा हा विद्यार्थी हिंडला आणि नकळत एक मोठी तालीम त्याच्या अंगी मुरली. जुलैमध्ये सेन्दाईचे रिंगण दुरुस्त होऊन उघडले.

मार्च २०१२ मध्ये फ्रान्समधील नीस येथे जागतिक स्पर्धा भरली. या खेळात दोन फेऱ्या असतात, एक छोटी व एक मोठी. दोहोंच्या गुणांची बेरीज अंतिम मानतात. छोट्या फेरीअखेर युझुरू सातवा होता. मोठ्या फेरीत मध्येच तो कोसळला, आणि कोसळला तो उडी मारताना नव्हे, साधे पाऊल टाकताना. क्षणार्धात उठून पुढची अवघड जोडउडी त्याने बिनचूक मारली. शेवटी त्याचा श्वास फुलला होता, पाय थरथरत होते, पण प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवीत होते. सतराव्या वर्षी, पहिल्याच जागतिक स्पर्धेत, त्याला कांस्यपदक मिळाले. आपण आपद्ग्रस्तांना धीर देण्यासाठी खेळतो आहोत अशी त्याची समजूत होती. परंतु धीर देणारे लोकच असून आपण तो घेणारे आहोत, हे या वर्षाने आपल्याला उमगले, असे त्याने पुढे बोलून दाखविले.

त्याच वर्षी तो कॅनडातील टोरांटो येथे ब्रायन ऑर्सर यांच्याकडे शिकावयास गेला. ऑर्सर स्वतः दोन वेळा ऑलिंपिक रौप्यपदक जिंकलेले. सुवर्ण थोडक्यात हुकणे म्हणजे काय हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? तेथे स्पेनचा झावियर फर्नांडेझ हा त्याचा सहाध्यायी होता. दोघे एकाच बर्फावर सराव करीत, एकाच सुवर्णपदकासाठी झुंजत, आणि तरीही जिवलग मित्र राहिले.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातील सोची येथे ऑलिंपिक सामने झाले. छोट्या फेरीत युझुरूने १०१.४५ गुण मिळविले. या फेरीत शंभरी ओलांडणारा तो पहिलाच पुरुष. मोठ्या फेरीत मात्र तो दोनदा पडला. पदक गेले असे त्याला वाटले होते. पण प्रतिस्पर्धी कॅनडाचा पॅट्रिक चॅन याच्याही हातून चुका झाल्या आणि सुवर्णपदक एकोणीस वर्षांच्या युझुरूच्या गळ्यात पडले. या प्रकारात ते जिंकणारा तो आशियातील पहिला पुरुष होय. पत्रकारांनी भूकंपाविषयी विचारले तेव्हा विजयाचा आनंद त्याच्या बोलण्यात फारसा उमटला नाही. एका माणसाच्या पदकाने पडलेली घरे उभी राहत नाहीत, आपल्याला असहाय वाटते, अशा आशयाचे त्याचे उद्गार होते. मात्र आता विजेता म्हणून काही करण्यास येथून आरंभ होऊ शकेल, असेही तो म्हणाला. हा आरंभ त्याने खरा केला. आपल्या आत्मकथनपर पुस्तकांच्या मानधनाची रक्कम त्याने सेन्दाईच्या रिंगणाला देऊन टाकली.

त्याच्या पराक्रमांची सर्वच यादी देण्याचे कारण नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात नागानो येथे त्याने दोन फेऱ्यांत मिळून ३२२.४० गुण मिळविले. तोवर तीनशेचा आकडा कोणीही गाठला नव्हता. पंधराच दिवसांनी बार्सिलोना येथे त्याने स्वतःचाच विक्रम मोडून ३३०.४३ गुण घेतले. या वेळी त्याने सादर केलेला खेळ 'सेइमेई' या नावाचा होता. आबे नो सेइमेई हा हजार वर्षांपूर्वीचा जपानी राजदरबारातील ज्योतिषी व मांत्रिक. त्याच्या दंतकथा तेथील घराघरांत सांगतात. पाश्चात्त्य संगीतावर नाचण्याची या खेळातील जुनी चाल. युझुरूने मात्र बासरीचे सूर व नगाऱ्याचे ठोके निवडले, अंगात प्राचीन जपानी दरबारी थाटाचा वेष घातला आणि आपल्या मातीतली कथा बर्फावर उभी केली.

एका प्रसंगाची मात्र केवळ स्तुती करून चालणार नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये शांघाय येथे स्पर्धेपूर्वीच्या सरावात तो व चीनचा यान हान हे दोघे भर वेगात एकमेकांवर आदळले. युझुरूच्या हनुवटीतून रक्त वाहू लागले. डोक्याला पट्टी बांधून तो पुन्हा उतरला, पाच वेळा पडला, तरी शेवटपर्यंत खेळून दुसरा आला. पुष्कळांनी या जिद्दीचे कौतुक केले. पण डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला पुन्हा उतरू देणे योग्य होते काय, असे विचारणारेही होते, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. मेंदूला बसलेला धक्का वरून दिसत नाही. अशा वेळी खेळाडूच्या इच्छेपेक्षा वैद्याच्या शब्दाला मान असावा, हेच शहाणपणाचे.

दुखापतीने त्याची पाठ पुढेही सोडली नाही. ९ नोव्हेंबर २०१७ रोजी ओसाका येथे सराव करताना चार गिरक्यांची लुट्झ उडी चुकली व उजव्या घोट्याचे स्नायुबंध दुखावले. दक्षिण कोरियातील प्याँगचांग येथील ऑलिंपिक सामने तीन महिन्यांवर आले होते. मधल्या काळात तो एकाही स्पर्धेत उतरला नाही. किती आठवडे तर बर्फावरही नाही. आणि तरीही १७ फेब्रुवारी २०१८ रोजी ३१७.८५ गुण मिळवून त्याने सुवर्णपदक राखले. लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके अमेरिकेच्या डिक बटन याने १९४८ व १९५२ साली जिंकली होती. त्यानंतर सहासष्ट वर्षांनी एका पुरुषाला ते साधले. रौप्यपदक जपानच्याच शोमा उनो याला व कांस्य जुना मित्र फर्नांडेझ याला मिळाले. जपान सरकारने त्याच वर्षी युझुरूला लोकसन्मानाचा राष्ट्रीय पुरस्कार दिला. त्याचे वय तेव्हा अवघे तेवीस होते.

येथे बहुतेक खेळाडू थांबतात. मिळवावयाचे ते सर्व मिळाले होते, घोटा अधू झाला होता, आणि पुढची पिढी चार गिरक्यांच्या उड्या लीलेने मारू लागली होती. युझुरू थांबला नाही, त्याचे कारण ती अर्धी गिरकी. बालपणीचे त्याचे शिक्षक शोइचिरो त्सुझुकी अ‍ॅक्सेलला उड्यांचा राजा म्हणत. चार गिरक्यांची पहिली मान्य उडी कॅनडाच्या कर्ट ब्राउनिंग याने १९८८ साली मारली होती. पुढे इतर सर्व प्रकारच्या उड्यांत चार गिरक्या साधल्या गेल्या. त्यांतील 'लूप' या उडीची तर स्पर्धेतील पहिली नोंद २०१६ साली खुद्द युझुरूच्याच नावे झाली. एकटी चार गिरक्यांची अ‍ॅक्सेल कोणालाही वश होत नव्हती. तो एकट्याने, पुष्कळदा रात्रीच्या वेळी, रिंगणात उतरून तिचा अभ्यास करू लागला. साडेचार गिरक्या पुऱ्या व्हावयाच्या आत बर्फ येई, आणि त्या वेगाने आदळणे म्हणजे शरीराचे हाल होते. तिच्यापासून त्याला गुणांचा मोठा लाभही नव्हता. व्यवहारी माणसाने हिशेब मांडला असता तर ही उडी वगळून अन्य उड्या पक्क्या करणेच फायद्याचे ठरले असते.

फेब्रुवारी २०२२. बीजिंगचे ऑलिंपिक सामने. छोट्या फेरीत पहिलीच उडी घेताना त्याचे पाते बर्फातील एका खड्ड्यात अडकले व चारऐवजी एकच गिरकी झाली. तो आठव्या स्थानावर गेला. मोठ्या फेरीच्या आदल्या दिवशी सरावात तोच उजवा घोटा पुन्हा मुरगळला. वेदना दबविणारे औषध टोचून घेऊन १० फेब्रुवारीला तो उतरला. सुवर्णपदक आवाक्याबाहेर गेल्यासारखेच होते, परंतु सोप्या खेळाने कांस्यपदकाची आशा धरता आली असती. खेळाच्या आरंभीच तो समोर तोंड करून झेपावला. चार गिरक्या झाल्या, आणि अर्धी गिरकी थोडक्यात अपुरी राहून तो पडला. मागाहून आणखी एका उडीत पडला. उरलेला खेळ नितांत सुंदर झाला. तरी एकूण क्रमांक चौथाच आला. परीक्षकांच्या गुणपत्रकात मात्र पहिल्या उडीपुढे चार गिरक्यांची अ‍ॅक्सेल, फेर अपुरा, अशी नोंद झाली. ऑलिंपिक सामन्यांत, किंबहुना कोणत्याही आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, या उडीची अशी नोंद तोवर झालेली नव्हती.

त्या वर्षी १९ जुलै रोजी त्याने स्पर्धांचा निरोप घेतला. त्यानंतर दोन महिने उलटण्याच्या आतच, १४ सप्टेंबर २०२२ रोजी, अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे इलिया मालिनिन या सतरा वर्षांच्या मुलाने साडेचार गिरक्यांची ती उडी निर्दोष मारली आणि ताठ उभा राहिला. हान्यूचे प्रयत्न पाहूनच आपल्याला ही उडी करून पाहण्याची उमेद आली, असे त्याने सांगितले. अ‍ॅक्सेल पॉलसनच्या पहिल्या उडीला तोवर एकशे चाळीस वर्षे झाली होती.

स्पर्धा सोडली म्हणजे युझुरूने बर्फ सोडला असे मात्र नव्हे. २६ फेब्रुवारी २०२३ रोजी टोकियोच्या भव्य घुमटाकार क्रीडागृहात त्याने एकट्याने संपूर्ण कार्यक्रम केला. पस्तीस हजार लोक तो पाहावयास जमले होते. आणि पुढच्याच महिन्यात, भूकंपाच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, मियागी प्रांतातील रिफू या गावी त्याने दुसरा कार्यक्रम केला. रिफू सेन्दाईला लागूनच आहे. तेथील मोठे क्रीडागृह २०११ साली वेगळ्याच कामी आले होते. समुद्राने परत दिलेले मृतदेह ओळख पटेपर्यंत त्याच इमारतीत ठेवले जात. त्या जमिनीवर बर्फ गोठवून तो नाचला. नंतरच्या वर्षांतही मार्च महिन्यात हा कार्यक्रम तेथे होत राहिला. त्याचे नाव इटालियन भाषेत आहे, 'नोत्ते स्टेल्लाता'. आपल्या भाषेत सांगावयाचे तर, ताऱ्यांनी भरलेली रात्र.